आधी अंतर, मग कॅमेरा

पहिला डीएसएलआर घ्यायला निघालेला माणूस दुकानाच्या काउंटरवर जे प्रश्न ठेवतो, ते सगळे कॅमेऱ्याबद्दलचे असतात. कॅनन घेऊ की निकॉन? १८ मेगापिक्सेल पुरतील की २४ हवेत? हाच घेऊ की थोडे पैसे घालून वरचा घेऊ? या प्रश्नांना उत्तरं आहेत, पण ते फार लवकर विचारले जातात. त्यांच्या आधी एक प्रश्न सोडवायला हवा आणि तो दुकानदाराला सोडवता येणार नाही: ज्याचा फोटो काढायचा आहे ते आपल्यापासून किती लांब असणार आहे? आधी अंतर, त्यावरून लेन्स आणि उरलेल्या पैशांत बॉडी, असा क्रम मला सुचवायचा आहे. बाजार आपल्याला नेमका उलट्या क्रमाने खरेदी करायला लावतो. बॉडीचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, लेन्स ‘किटमध्ये येते’ आणि अंतराचा विषय खोका उघडून झाल्यावर निघतो. शेत कुठे आहे, किती आहे हे न बघता बैलजोडी घेऊन येण्यातला हा प्रकार आहे.

हे म्हणणं तपासून बघायला मुळशी तालुक्यातलं कासारसाई चांगलं आहे. हिंजवडीच्या आयटी पट्ट्यापासून काही किलोमीटरवर इथलं मातीचं धरण आहे, त्यामागे पसरलेलं पाणी आहे आणि हिवाळ्यात उघडी पडणारी चिखलाची किनार आहे. याच परिसरात कासारसाई-दारुंब्रे इथे श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे, म्हणजे हंगामात उसाच्या गाड्या आणि तोडणीची माणसं आली. पाण्यालगत गवत आहे, गवतावर चतुर आहेत. हिंजवडीत नोकरी लागलेल्या कित्येकांच्या पहिल्या कॅमेऱ्याची पहिली सकाळ अशाच एखाद्या पाणवठ्यावर उजाडते. एकाच फेरीत तीन वेगळी अंतरं भेटतात आणि तिन्ही एकाच लेन्समध्ये मावत नाहीत.

पहिलं अंतर पक्ष्याचं. चिखलात उभा असलेला शेकाट्या घेऊ. लांब गुलाबी पायांचा हा पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ३८ सेंटीमीटर भरतो. मोकळ्या काठावर त्याच्या फार जवळ जाता येत नाही, आपण सरकलो की तो उडतो. अंतर ३० मीटर धरू. फोनच्या मुख्य लेन्समधून ३० मीटरवर सुमारे ४१ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. १२ मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे ४,००० बिंदू असतात, त्यांतले शेकाट्याच्या वाट्याला येतात जेमतेम ३७. आता डीएसएलआर घ्या, २४ मेगापिक्सेलचा, सोबत मिळणाऱ्या १८-५५ मिलिमीटरच्या किट लेन्ससह, आणि झूम पुरता ताणा. पट्टा १२ मीटरवर येतो, पक्ष्याला १८७ बिंदू मिळतात. पक्षी ओळखू येतो, पण डोळा दिसत नाही. त्याच बॉडीवर ५५-२५० मिलिमीटरची झूम लावली की पट्टा उरतो पावणेतीन मीटरांचा आणि शेकाट्याला साडेआठशे बिंदू मिळतात. लाल डोळा, चोचीवरून निथळणारा थेंब, पायाभोवती पाण्यात उमटलेली वर्तुळं हे सगळं आता दिसू लागतं. पक्षी तोच, प्रकाश तोच, बॉडीही तीच.

हाच हिशोब बॉडी बदलून करून बघावा, म्हणजे दुकानातल्या चर्चेचं वजन कळतं. कॅननने २०१८ साली दोन स्वस्त कॅमेरे आणले. ३०००डी १८ मेगापिक्सेलचा आणि १५००डी २४ मेगापिक्सेलचा. २५० मिलिमीटरची लेन्स दोन्हींवर लावली तर ३०००डीवर आपल्या पक्ष्याला ७३५ च्या आसपास बिंदू मिळतात, १५००डीवर ८५०. म्हणजे वरची बॉडी घेऊन फायदा झाला सहाव्या-सातव्या हिश्शाचा, तर लेन्स बदलून झाला साडेचार पटींचा. आणखी पुढे जाऊन कुणी २४ मेगापिक्सेलचाच, पण मोठ्या सेन्सरचा महागडा फुल-फ्रेम कॅमेरा आणून त्यावर २५० मिलिमीटरची लेन्स लावली, तर बिंदू वाढण्याऐवजी कमीच होतात, सव्वापाचशेच्या घरात येतात. कारण सोपं आहे. लेन्स पक्ष्याची प्रतिमा सव्वातीन मिलिमीटरांएवढीच पाडते, मोठ्या सेन्सरवर बिंदू विरळ पसरलेले असतात, त्यामुळे तेवढ्या जागेत कमी बसतात. अंधुक उजेडात मोठा सेन्सर सरस ठरतो हे खरं, पण लांबच्या पक्ष्यासाठी स्वस्त कॅमेऱ्याचा लहान सेन्सर अडचण नसून सोय आहे. सुरुवातीच्या कॅमेऱ्याला सरसकट ‘तडजोड’ म्हणणाऱ्यांनी हा एक हिशोब जरूर करावा.

अर्थात कागदावरचे बिंदू आणि फोटोतला तपशील या दोन गोष्टी एक नाहीत. नऊ-दहानंतर पाण्यावरची हवा तापते आणि उन्हाची झळ प्रत्येक कडेला थरथर आणते, ती कोणत्याही लेन्सने पुसली जात नाही. कच्च्या रस्त्यावरून गाडी गेली की धुळीचा पडदा मध्ये येतो. बॉडीच्याही मर्यादा आहेत. १५००डीमध्ये फोकसचे ९ बिंदू आहेत, त्यांतला मधलाच खरा भरवशाचा, आणि सेकंदाला ३ फोटो निघतात. निकॉनच्या डी३५००मध्ये ११ बिंदू आणि सेकंदाला ५ फोटो. पाण्यावर सूर मारणारा नदी सुरय अशा कॅमेऱ्यात सापडतो तो बराचसा नशिबाने. पण कासारसाईच्या काठावर सुरयापेक्षा उभे असणारे, चरणारे, पंख वाळवत बसलेले पक्षी अधिक असतात, आणि त्यांच्यासाठी मधला एक बिंदू पुरतो. उडणारा पक्षीच हवा असेल तर आपल्या यादीत अंतराबरोबर वेगही आला. मग बॉडीचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा होतो आणि पैसे तिथेच घालावे लागतात. क्रम मोडत नाही, फक्त विषय अधिक नेमका सांगावा लागतो.

दुसरं अंतर माणसाचं. गाळप हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही कारखान्याभोवती दिसतं ते चित्र इथेही असतं. ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, कोपीपुढची चूल, गाडीतळावर रांगेत थांबलेल्या बैलगाड्या. काम उजाडण्याआधी सुरू होतं आणि दिवस मावळला तरी चालूच राहतं. म्हणजे फोटोला उजेड हवा असतो तेव्हा तो नसतो. किट लेन्स ५५ मिलिमीटरला ताणली की तिचं तोंड एफ ५.६ पलीकडे उघडत नाही. ५० मिलिमीटरची एफ १.८ ही साधी, एकाच नाभीय अंतराची लेन्स जवळजवळ दहापट उजेड आत घेते. जिथे किट लेन्सला १/१५ सेकंद लागतो आणि हलता हात पुसट होतो, तिथे हिला १/१५० पुरतो. ही लेन्स कॅननच्या लेन्सांमधल्या सर्वांत स्वस्तांपैकी एक आहे. इथेही निकाल लावला तो लेन्सनेच.

पण माणसाच्या बाबतीत अंतर केवळ बिंदूंचं आणि उजेडाचं राहत नाही. ५० मिलिमीटरची लेन्स लावून दोन मीटरवर उभं राहिलं आणि कॅमेरा उभा धरला तर चौकटीत कमरेपासून डोक्यापर्यंतचा माणूस बसतो. तेवढाच माणूस २५० मिलिमीटरच्या झूमने दहा मीटरवरूनही मिळतो. चौकट सारखीच, तरी फोटो सारखा नसतो. जवळून काढलेल्यात मागची कोपी, भांडी, खेळणारं पोर आपापल्या जागी दिसतात. लांबून काढलेल्यात मागचं सगळं चेपून धूसर होतं आणि माणूस त्याच्या जगापासून सुटा होतो. त्याहून मोठा फरक फोटो काढण्याआधी पडतो. दोन मीटरवर गेलेल्याला बोलावं लागतं, नाव-गाव विचारावं लागतं, ‘काढू का?’ म्हणावं लागतं आणि ‘नको’ ऐकून घ्यावं लागतं. दहा मीटरवर यांतलं काहीच करावं लागत नाही. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर जे काम केलं, तसं काम रस्त्यापलीकडून होत नाही. पहिल्या कॅमेऱ्याबरोबर फक्त लांब झूम घेणारा माणूस नकळत एक सवयही विकत घेतो, विचारल्याशिवाय बघण्याची. शेकाट्याला तीस मीटरवरून टिपणं हे त्याचा मान राखणं आहे. चुलीपुढच्या बाईला तसंच टिपणं हे तिचा मान राखणं नव्हे. म्हणून अंतर ठरवताना आपण तांत्रिक निवड करतो आहोत असं वाटलं, तरी कुणाशी कसं वागायचं हेही आपण त्याच वेळी ठरवत असतो.

तिसरं अंतर हाताभराचं. ज्या किट लेन्सला सगळे नाकं मुरडतात, ती इथे आपली किंमत वसूल करून देते. पंचवीस सेंटीमीटरांपर्यंत ती फोकस करते आणि तेव्हा चौकटीत साडेसहा सेंटीमीटरांच्या आसपास रुंदीची जागा मावते. गवताच्या शेंड्यावर बसलेला चतुर तेवढ्यात आरामात बसतो, पंखांच्या जाळीसकट. चतुर उडाला तरी बहुधा त्याच काडीवर परत येतो, त्यामुळे एका जागी वाट बघत बसणाऱ्याचं काम होतं. ज्याला हेच अंतर आवडतं त्याने दुसरी लेन्स घेण्याची घाई करू नये. किट लेन्स वाईट असते असं सरसकट सांगणारे तिला तीस मीटरवरच्या पक्ष्यासाठी तपासतात आणि नापास करतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप उदार स्वराचा आहे: कॅमेऱ्याला काय महत्त्व, फोटो डोळा काढतो. ऐकायला हे छान वाटतं, पण शेकाट्याच्या ३७ बिंदूंपुढे कितीही चांगला डोळा हतबल आहे. आपल्याकडची थोर उदाहरणंही या म्हणण्याला दुजोरा देत नाहीत. दादासाहेब फाळके १९१२ च्या सुरुवातीला लंडनला गेले ते यंत्र समजून घ्यायला आणि आणायला. विल्यमसन कॅमेरा घेऊन ते परतले. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांना कॅमेरा हवा होता तेव्हा त्यांनी तो स्वतः बनवला आणि पुढे १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. ज्यांनी यंत्रासाठी एवढे कष्ट उपसले त्यांना यंत्र गौण वाटत होतं असं कोण म्हणेल? मात्र फाळक्यांनी परतल्यावर त्या कॅमेऱ्याने आधी काय टिपलं ते पाहण्यासारखं आहे. भांडवल देणाऱ्याची खात्री पटवायला त्यांनी घरातल्या कुंडीत वाटाणा रुजत घातला आणि कॅमेरा त्याच्यासमोर रोवून महिनाभराहून अधिक काळ त्याची वाढ थोडी-थोडी टिपली. ‘अंकुराची वाढ’ अशी तयार झाली आणि तिच्यानंतर १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. विषय, अंतर आणि लागणारा धीर हे तिन्ही त्यांनी हातातल्या साधनाला झेपतील असे निवडले होते. यंत्र महत्त्वाचंच असतं, फक्त ते कशासाठी हवं हे आधी ठरलेलं असावं लागतं.

दुसरा आक्षेप फोनचा. आजचे फोन इतके चांगले फोटो काढतात की स्वस्त डीएसएलआर घेण्यात अर्थ काय? यातला अर्धा भाग मान्यच करायला हवा. धरणाची भिंत, पाण्यात पडलेलं आभाळ, मित्रांचा घोळका, ताटातली भाकरी यांसाठी फोन पुरतो, आणि संध्याकाळी तो चार-पाच फोटो एकत्र करून जे चित्र तयार करतो ते नवशिक्याच्या डीएसएलआरपेक्षा अनेकदा देखणंही असतं. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध नसून बाजूचाच आहे. तो सांगतो की अमुक अंतरापर्यंत, अमुक विषयांसाठी वेगळा कॅमेरा नको. म्हणजे अंतर ठरवल्याशिवाय हा आक्षेपही निकालात काढता येत नाही. जिथे फोन संपतो तिथून पुढे जायचं असेल तरच खर्च करावा आणि तो पुढे नेणाऱ्या वस्तूवर करावा. किट लेन्ससह डीएसएलआर घेऊन पुन्हा धरणाची भिंत आणि घोळकाच टिपणाऱ्याने फोनच्याच हद्दीत, फक्त अधिक वजन गळ्यात अडकवून, फिरणं पसंत केलेलं असतं.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: डीएसएलआरचा काळच संपला. आकडे त्याच्या बाजूने आहेत. कॅमेरा बनवणाऱ्यांच्या जपानी संघटनेच्या नोंदींनुसार २०१२ साली जगभर १ कोटी ६० लाखांच्या आसपास डीएसएलआर कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली ती संख्या १२ लाखांच्या घरात आली. २०२० साली मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांनी त्यांना मागे टाकलं, आणि कॅनन-निकॉन दोघांचेही शेवटचे नवे डीएसएलआर त्याच वर्षीचे आहेत. मिररलेसमध्ये फोटो कसा येणार ते आधीच दिसतं आणि त्यांचे चांगले नमुने पक्ष्याचा डोळा आपणहून शोधतात. आरसा, तो वर-खाली होताना होणारा खटका आणि स्वस्त डीएसएलआरच्या दर्शकात चौकटीचा ९५ टक्केच भाग दिसणं, यांतलं काहीही मनापासून जपावं असं नाही. जुन्या यंत्राच्या उणिवांनी माणूस शिकतो, असं म्हणून त्यांचं कौतुकही मी करणार नाही. उणीव ती उणीवच. पण संपत आलेल्या पद्धतीचा एक फायदा खरेदीदाराला मिळतो, तो म्हणजे वापरलेल्या मालाची रेलचेल. निकॉनची एफ ही लेन्स बसवायची जोडणी १९५९ पासूनची आहे, कॅननची ईएफ १९८७ पासूनची, आणि एवढ्या वर्षांच्या लेन्स हाताहातांतून फिरताहेत. ज्या पैशांत नवा मिररलेस फक्त किट लेन्ससह येतो, त्यात किट लेन्ससह वापरलेली डीएसएलआर बॉडी, लांब झूम आणि ५० मिलिमीटरची लेन्स असं तिन्ही अंतरांचं सामान जमवता येतं. मिररलेस घेऊनही हव्या त्या लेन्सला पैसे उरत असतील तर मिररलेसच घ्यावा, त्यात मला काही वाद दिसत नाही. पैसे बॉडीवरच संपत असतील तर मात्र नव्या तंत्राच्या नावाखाली आपण पुन्हा उलटा क्रम धरलेला असतो.

वापरलेला माल म्हटलं की फसवणुकीची भीती येते आणि ती रास्त आहे. पण बॉडीपेक्षा लेन्सकडे अधिक बारकाईने बघावं, आणि मुळशीसारख्या पावसाच्या भागात तर नक्कीच. चार महिने दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या आत बुरशी धरते. टॉर्च एका बाजूने टाकून दुसरीकडून पाहिलं की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. ते दिसले की कितीही स्वस्त असली तरी ती लेन्स सोडावी आणि घेतलेली लेन्स सिलिका जेल टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. बॉडीचं शटर किती वेळा उघडलं-मिटलं तेही विचारावं, सुरुवातीच्या श्रेणीत साधारण १ लाखाचं आयुष्य धरतात. आणखी एक गोष्ट निकॉन घेणाऱ्याने ध्यानात ठेवावी. डी३५०० किंवा डी५६०० यांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स त्यांवर बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. आधी लेन्स ठरवलेली असेल तर ही बाब पैसे देण्यापूर्वी ध्यानात येते, आधी बॉडी घेतली असेल तर नंतर.

शेवटचा आक्षेप असा की नवशिक्याला आपला विषयच माहीत नसतो, मग त्याने अंतर कसं ठरवावं? हे खरं आहे. पण त्यावर उपाय महाग बॉडी हा नाही, कारण विषय कोणता ते तीही सांगत नाही. फोनमध्ये आधीच साठलेले फोटो ते सांगतात. त्यांत कोणत्या गोष्टी बोटाने मोठ्या करून बघाव्या लागतात, कुठे उजेड अपुरा पडला, कुठे आणखी जवळ जायला हवं होतं, हे शोधलं की आपला कल कळतो. तरीही उलगडलं नाही तर एखादी लेन्स दोन दिवस भाड्याने आणून काठावर फिरावं, पुण्यात ही सोय आहे. या सगळ्या विचाराअंती, आपल्याला हवं ते हाताच्या अंतरावरच आहे आणि त्याला फोन पुरतो, असं उत्तर आलं तर तो विचार वाया गेला असं समजू नये. कॅमेऱ्याच्या निवडीत ‘सध्या नको’ हेही पूर्ण उत्तर आहे, आणि दुकानात ते कुणी देत नाही.